अकरा वेळा पाहिलेला, न पाहिलेला शेवट

आमच्या लेकीने लग्नाच्या वाढदिवसाला आम्हाला त्या काऊबॉयच्या सिनेमाची डीव्हीडी आणून दिली. लहानपणापासून माझ्या तोंडून तिने तो सिनेमा इतक्यांदा ऐकला होता, की बाबा उडीच मारतील असं तिला वाटलं. मी विचारलं, "परत करता येते का गं ही?"

खरं सांगतो, हा सिनेमा मी अकरा वेळा पाहिला आणि त्याचा शेवट एकदाही पाहिला नाही.

बँकेत लागून चेन्नईला आलो तेव्हा मी तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये राहायचो. मॅन्शन नुसतं नावाला. एका खोलीत तीन ब्रह्मचारी आणि दोरीवर तिघांचे बनियन. जेवण कोपऱ्यावरच्या मेसमध्ये. तिथे साडेआठनंतर देव आला असता तरी त्याला पान वाढलं नसतं. आणि संध्याकाळचा खेळ सुटायचा पावणेनऊला! त्यामुळे हिरोने शेवटच्या मारामारीला पिस्तूल उपसलं, की आम्ही खुर्चीखाली चपला शोधायला लागायचो. इकडे गोळीबार, तिकडे रस्सम. भुकेल्या माणसाला काय हो, दर वेळी रस्समच जिंकायचं.

मग कुणी शेवट विचारला की काय सांगणार? मी एक दिला ठोकून.

मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात तोच शेवट कामी आला. आमची ही तंजावरकडच्या मराठी घरातली, इथेच वाढलेली. समोर शिरा आणि भजी, भोवती सगळे वडीलधारे, आणि कुणीतरी म्हणालं, "बोला की दोघं." मला काही सुचेना. मी सिनेमाच सांगत सुटलो. हिरो गुंडांना लोळवतो, दारात उभ्या असलेल्या विधवा बाईचा निरोप घेऊन निघतो, पण अर्ध्या वाटेवरून घोडा वळवतो, तिच्याशी लग्न करतो आणि रेल्वेत कायमची नोकरी धरतो. पेन्शनसुद्धा घातली होती मी त्यात! ही खाली बघून हसली आणि दुसऱ्या दिवशी होकार आला. त्या शेवटावरच माझा संसार उभा आहे, अशी माझी पक्की समजूत. आणि आता हिच्यादेखत माझं बिंग फुटणार होतं.

रविवारी दुपारी सिनेमा लावायचं ठरलं. मी रिमोटचे सेल काढून लपवले. लेकीने नवे घातले. पडद्यावर पिस्तूल उपसलं गेलं तसा मी सवयीने उठलोच.

"चला, जेवायला!"

"अय्यो, आत्ताच तर जेवलात," ही म्हणाली. "बसा खाली."

बसलो. हिरोने गुंड लोळवले, कपडे झटकले, घोडा त्या बाईच्या अंगणात बांधला आणि सरळ स्टेशनात जाऊन आगगाडीत बसला! वळूनसुद्धा पाहिलं नाही लेकाच्याने. बाई दारात उभी ती उभीच. सिनेमा संपला.

मला असा संताप आला! "हा काय शेवट झाला? नालायक कुठला!"

"पण बाबा," लेक म्हणाली, "तो परत येतो ना? ती नोकरी?"

"सेन्सॉरने कापलं असणार," मी म्हणालो. कान तापले होते माझे.

"काही कापलेलं नाही," ही म्हणाली. "असाच आहे तो. तुम्ही मला बघायला आलात, त्याच्या आधीच मी पाहिला होता भावांबरोबर."

"म्हणजे त्या दिवशी तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आधी आलेल्या तिघांनी आपापला पगार सांगितला. तुम्ही त्या बाईसाठी घोडा वळवून आणलात. म्हटलं, थापाड्या आहे, पण बाईला दारात उभी ठेवणारा नाही."

लेक उगीचच खोकली.

पुढच्या रविवारी हिनेच आपणहून सिनेमा लावला. हिरोने पिस्तूल उपसलं आणि हिने टीव्ही बंद केला.

"हं, आता पुढचं तुम्ही सांगा," म्हणाली. "आणि पेन्शन विसरू नका."