स्टँडवरची सायकल आणि बारागाड्या

निंबा सायकल एवढ्या जोरात का मारतो, हे काही केल्या इंदिराबाईंच्या डोक्यातून जात नव्हतं.

कपाशीच्या ट्रॉलीवरून पडून पोराचा उजवा खांदा निखळला होता. पारोळ्याच्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि बजावलं, दोन महिने खांद्यावर जोर नको. पुन्हा निखळला तर हात कायमचा अधू. अंग सुटू नये म्हणून पाय तेवढे चालवा. मग ओसरीत सायकल स्टँडवर चढली. मागचं चाक अधांतरी आणि सव्वीस वर्षांचा निंबा एका हाताने हँडल धरून जागच्या जागी घामाघूम. गल्लीची चांगली करमणूक झाली.

"काय निंबाभाऊ, धुये उनं का?" शेजारचा धनसिंग रोज विचारी.

"नही रे, आते मुकटी उनं." निंबा धुळ्याच्या वाटेवरच्या गावाचं नाव सांगे.

"कालबी मुकटीच व्हतं! पंक्चर व्हयनं का?"

इंदिराबाईही हसत. "तुझे आबा याच सायकलवर खरोखर धुळ्याला जायचे. तू निदान अंगणापर्यंत तरी जा."

पण गुरुवारी झाडताना त्यांना मागच्या चाकाला घासेल असं आवळून बांधलेलं गोणपाट दिसलं. चाक जड फिरावं म्हणून! तेव्हा कुठे उजेड पडला. चैत्रातली जत्रा अठरा दिवसांवर आली होती, डॉक्टरांचे दोन महिने संपायच्या आतच. एकामागे एक बांधलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा बैलगाड्या ओढायचा मान त्यांच्या घरचा, आणि निंबाचे वडील, आबा, गेल्यापासून गाड्या ओढणारा भगत निंबाच.

"आई, गाड्या पायांच्या जोरावर ओढतात. खांद्याचं काय काम?"

"आणि जू कशानं धरशील? मिशांनी?"

निंबा हसला नाही. "मी नाही ओढल्या तर मान दुसऱ्या घरात जाईल."

घरचा आणखी एक माणूस होता. धुळ्यात राहणारा धाकटा दीर, शालिग्राम. आबांच्या आजारपणात त्याने दोनदा गाड्या ओढल्या होत्या. पण तीन वर्षांपूर्वी एका लग्नात, भर पंगतीत, इंदिराबाई त्याच्या पोटाकडे बघून म्हणाल्या होत्या, "भाऊजी, आता तुम्ही गाडीत बसलात तर बैलही जागचे हलायचे नाहीत." पंगत हसली, शालिग्राम ताटावरून उठला. तेव्हापासून येणंजाणं बंद.

माफी मागायची इंदिराबाईंना सवय नव्हती, त्यांनी केलेल्या बी.ए.ला तो विषय नव्हता. ओसरीत सायकल पुन्हा करकरू लागली. त्यांनी नंबरांची वही घेतली, चपला घातल्या. आधी माफी, मग गाड्यांचं बोलणं, आणि पोटाचं नाव काढायचं नाही, असं स्वतःला बजावत त्या शालिग्रामला फोन लावायला एसटीडी बूथकडे निघाल्या.