मेथीचे लाडू आणि डावा अंगठा

"मेथी कशातून घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

आमचे हे पंख्याकडे बघत राहिले. शेवटी मीच सांगितलं, "लाडवातून."

"आणि लाडू?"

"गुळातले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. समोर एचबीएवनसीचा रिपोर्ट होता. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली, ते ही तपासणी सांगते. आदले दोन दिवस उपाशी राहून तिला फसवता येत नाही. ह्यांनी तोही प्रयत्न करून पाहिला होता.

मग ह्यांना डोळे मिटायला लावून डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक तंतू तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. "लागलं की सांगा." डाव्या अंगठ्यावर तंतू वाकला, तरी हे गप्प. न्यूरोपॅथी, म्हणजे साखरेनं नसा बधिर होणं. तिथली जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

ती जखमही आम्हाला उशिराच कळली. घरात फरशीवर लाल ठिपके दिसले, मला वाटलं शेंगाचटणीचं तेल सांडलं. चपलेत खडा घेऊन हे दिवसभर सात रस्ता चौकातल्या आमच्या दुकानात उभे होते. "कळलं कसं नाही?" विचारलं, तर म्हणे, "न्हाय की."

आता लाडवांचं. मैंदर्गीच्या अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. मेथीनं साखर जाते, असं त्यांना मोबाईलवर कुणीतरी पाठवलं. "गोळ्यानं किडनी जाते की रे, मेथी खा," असा फोन आला. पण मेथी कडू आणि भाऊ लाडका. म्हणून गूळ, तूप, खारीक घालून डबा आला. हे सकाळी दोन लाडू खायचे आणि साखरेची गोळी मोरीत टाकायचे. रिकामं पाकीट तेवढं मला दाखवायचे. दोन महिने! सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

मी चिडूनच विचारलं, "मग मेथीत काहीच नाही का?"

"आहे ना," डॉक्टर म्हणाले. "तिच्यातल्या चिकट तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. आणि साखर वाढली की पेशींवर एक प्रकारचा गंज चढतो, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मसाल्यांतली काही द्रव्यं तो रोखतात, असं प्रयोगांत दिसतं. पण मेथी जेवणात असू द्या, गोळीच्या जागी नको. आणि खाल ते मला सांगून खा."

मग दिवसाआड ड्रेसिंग. बाहेरच्या बाकावर प्रत्येकाकडे एकेक औषध. टेंभुर्णीच्या एका बाई, पायाला हे एवढं बँडेज, मला म्हणतात, "दालचिनी द्या, लई गुण येतो बगा." मी कपाळावर हात मारला. "खा हो बाई, पण गोळी सोडू नका!" सगळा बाक माझ्याकडे बघायला लागला. तुमच्या घरी कुणी मधुमेही असेल तर तुम्हालाही हेच सांगते, आणि तेवढ्याच मोठ्यानं.

भावाला भेटायला अक्का आल्या. हातात डबा. "ह्या वेळी गूळ न्हाय घातला," त्या रडतच म्हणाल्या, "खजूर घातलाय." मला हसावं की रडावं कळेना.

दीड महिन्यानं जखम भरली. अंगठा वाचला. डॉक्टरांचे आणि पट्टी बदलणाऱ्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

आता रोज संध्याकाळी ह्यांना डोळे मिटायला लावून मी कापसाच्या बोळ्यानं तळपाय तपासते. सुरुवातीला मी हातही लावायच्या आत हे म्हणायचे, "लागलं, लागलं." लबाडी काही सुटत नव्हती. मी वैतागून दोनदा बोळा फेकून दिला.

मग परवा बोळा अंगठ्यावर धरला. ह्या वेळी ह्यांनी घाई केली नाही. हळूच म्हणाले, "न्हाय लागत गं." ऐकून वाईट वाटायला हवं होतं, पण मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात निघताना त्यांनी आपणहून चपला माझ्यापुढे धरल्या. "खडा हाय का बघ," म्हणाले.