अक्का टीव्हीवर दिसणार होत्या

“बसत नाही, निघतो,” असं म्हणतच भाऊ आमच्या घरात यायचे. चपला पायात, एक हात दाराच्या चौकटीवर. उभ्याउभ्याच चहा बशीत ओतायचे, दोन घोटांत संपवायचे आणि आमच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हे दरवेळी ऐकवायचे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या नुसत्या येण्यानं घरातली सगळी उगाच उभी राहतात. भाऊ जळगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. शिंदखेडा, शिरपूर, धुळे अशा गाड्या भोंग्यावरून पुकारायच्या आणि टपरीवर रेंगाळणाऱ्या ड्रायव्हरांना हाकलून गाडीत बसवायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यावरही कुठली तरी गाडी लेट होतेय असंच त्यांना वाटे. पिंप्राळ्यात आम्ही बारा वर्षं शेजारी होतो, पण पाठ टेकून बसलेले भाऊ काही मी पाहिले नव्हते.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्या शिंदखेड्याकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. भाऊ उठले की त्या शर्टाचं टोक धरून त्यांना खाली ओढायच्या. “बठा ना! इतली काय घाई शे?” भाऊ बसायचे आणि मिनिटभरात पुन्हा उठायचे.

त्या काळात शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर समुद्रकिनाऱ्यावरचा एक कार्यक्रम लागे. वाळूत मंच, त्यावर गाणी, नकला, नाच, जादू आणि मागे खरा समुद्र. आमच्या टीव्हीवर तो समुद्र करडा दिसायचा, तरी निम्मी गल्ली आमच्याकडे जमायची. माझा एक आतेभाऊ मुंबईत त्या कार्यक्रमाच्या मांडववाल्याकडे कामाला होता. त्याच्याकडून मी दोन पास मिळवले आणि मोठ्या ऐटीत भाऊंच्या हातात ठेवले. या जोडप्याला मूलबाळ नाही, कुठं जाणं-येणं नाही. मला माझंच फार कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी दोघं परत आले. “इतलं पानी!” अक्का म्हणाल्या, “नि आमना नळले तिसरे दिन येस!”

भाऊंची तक्रार वेगळीच होती. भरतीची नक्की वेळ त्यांना कुणी सांगेना. त्यांनी शेंगदाणेवाल्याला विचारलं, बंदोबस्ताच्या पोलिसाला विचारलं. “पाणी पुढं सरकतंय आणि हे लोक नाचतायत! वेळापत्रक म्हणून काही नाही!” पाणी खुर्च्यांपर्यंत येईल या धास्तीनं ते सारखे उठून बघत होते म्हणे. आम्ही पोट धरून हसलो.

अक्कांची बातमी मात्र मोठी होती. त्या पहिल्या रांगेत होत्या. नकला चालू असताना हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नेमका तेव्हा कॅमेरावाला त्यांच्यासमोर आला.

“मला का नाही सांगितलंस?” भाऊ म्हणाले.

अक्का पदरात तोंड लपवून हसल्या. “लागू द्या, मंग देखा.”

कार्यक्रम कधी दाखवतील ते आतेभावालाही माहीत नव्हतं. श्रावणात अक्कांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आमच्या दारात उभे. “तो कार्यक्रम अजून लागला तर नाही ना?”

मी नाही म्हणालो. मग चौकटीवर बोटं वाजवत ते म्हणाले, “घरात तिचे दोनच फोटो आहेत. लग्नातल्यात मान खाली आणि फॉर्मवरच्यात घाबरलेली. हसताना एकही नाही हो. तिथं ती हसलीय.”

पुढचे सगळे शनिवार तसेच गेले. भाऊ ड्यूटी बदलून घ्यायचे आणि चार वाजल्यापासून त्यांच्या ओट्यावरून आमच्या ओट्यावर फेऱ्या मारायचे. अँटेना दहादा फिरवायला लावायचे. मलाही आता शनिवार नकोसा झाला होता. तो तुकडा कापून टाकला असेल तर? खरं सांगतो, मी घरात नसतानाच तो कार्यक्रम लागून जावा, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पास मीच आणून दिले होते ना!

थंडी पडल्यावर एका शनिवारी भाऊ दारातून ओरडले, “हाच! हाच तो नकल्या!”

घरातले सगळे टीव्हीजवळ सरकले. नकल्यानं काहीतरी केलं, माणसं हसली, कॅमेरा पहिल्या रांगेवरून सरकू लागला. एक जाडा गृहस्थ, मग दोन मुली, आणि मग अख्ख्या पडद्यावर सफारीची बटणं. खिशाला दोन पेनं. डोकं पडद्याच्या बाहेर.

“हा मी,” भाऊ म्हणाले. “मी पाणी बघतोय.” आणि एकदम ओरडले, “अरे, सरक ना बाजूला!”

पडद्यावरचा माणूस कसला सरकतोय! त्याच्या मागून बांगड्यांचा एक हात आला. त्यानं सफारीचं टोक धरून ओढलं. पुन्हा एकदा जोरात ओढलं. बटणं खाली येऊ लागली, मागे केसांचा भांग दिसला न दिसला, आणि चित्र बदललं. जादूगार टोपीतून रुमाल काढत होता.

मला भाऊंकडे बघवेना. ते चौकटीला धरून हळूहळू खाली आले आणि उंबऱ्यावर बसले.

“बठनू,” ते टीव्हीकडे बघत म्हणाले. “बठनू ना. आते बठनू.”

अक्कांच्या बोलीत बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

दोन वर्षांनी त्यांची शिरपूरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढल्यावर ते निरोप घ्यायला आले. चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि भिंतीला पाठ टेकून बसले. आईनं चहा दिला. घड्याळ अजूनही मागेच होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता.

“भाऊ, तो थांबलाय,” मी चुळबुळत म्हणालो.

“वाजवू दे,” भाऊ म्हणाले आणि कपातला चहा कपातूनच, फुंकर घालत पीत राहिले.