बापूकाकांचं बिनसरकारी पोट

आमच्या बापूकाकांचा डावा पाय सरकारमान्य होता. पोट मात्र बिनसरकारी होतं.

मोठ्या लढाईत काका निजामसरकारच्या घोडदळातून मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेले आणि तिथं गुडघ्यात गोळी खाऊन बसले. ठणका थांबावा म्हणून दवाखान्यात त्यांना महिनोन्‌महिने कसलीशी कडू भुकटी पाजली. पाय आखडला, पण राहिला. पोट गेलं ते गेलंच! गावी पालीला परतल्यापासून काकांना ज्वारीच्या कण्या आणि ताक, एवढंच मानवायचं. तिसरा पदार्थ पोटात गेला की नदीकडे धावपळ. (आखडलेल्या पायानं ती कशी व्हायची, हे घराण्याच्या इभ्रतीखातर लिहीत नाही.)

पायाची पेन्शन मिळत होती. पोटाचं विचारायला गेलो, तर बीडच्या कचेरीतला पेशकार म्हणाला, "गोळी पोटाला लागली का? नाही ना? मग पोट तुमचं खासगी!"

मी तेव्हा विशीतला. नगरकडच्या छापखान्यातली पत्रकं बंडीत लपवून वाटणारा, आणि रोज कुणाचा ना कुणाचा निषेध केल्याशिवाय न जेवणारा. माझं रक्त उसळलं! गोळीनं पाय नासला, पायाच्या औषधानं पोट नासलं, मग पोट पायाच्याच खात्यात नको? मी विचारतो, हा न्याय की थट्टा? (विचारलं ते ओसरीवर. ऐकायला काका आणि त्यांची काठी.)

"काशा, भांडण नको," काका म्हणाले. "पेन्शनीत जरा भर पडली अन् दारात एक गाय बांधता आली, की झालं. रोज तांब्या घेऊन शेजाऱ्याच्या दारात ताक मागायचं, लई लाज वाटायलीय बाबा."

त्या गाईसाठी मी दरख्वास्त लिहिली. सुरुवात होती, 'हे जुलमी सरकारा!' वाचून दाखवली तेव्हा काकूनं ती बदलायला लावली. मग मी 'हे झोपलेल्या सरकारा!' अशी नरम केली. अर्जनविसानं उर्दू करताना माझी उरलेली विशेषणं गाळली. त्यामुळेच की काय, उत्तर आलं! डाक्टरसाहेब स्वतः पालीला येणार, काकांना तपासणार आणि दोन अब्रूदार शेजाऱ्यांची साक्ष घेणार.

"साक्षीदारांना काय बोलायचं ते सांगून ठिव," काकू म्हणाली.

"सत्याला तालीम लागत नाही!" मी गरजलो.

इथंच माती खाल्ली. आमच्याकडे परका साहेब शेजाऱ्याची चौकशी करायला आला की शेजाऱ्याला चढवूनच सांगायचं. सोयरीक जुळवायला आलेल्यांना तसंच सांगतात. सरकारला वेगळं का म्हणून सांगायचं?

"इनका हाजमा कैसा है?" डाक्टरांनी ओसरीवर बसताच विचारलं.

पहिले साक्षीदार गावचे पाटील. त्यांनी मिशीला पीळ दिला. "बापूचा? दगड पचवंल साहेब! फौजी गडी हाय!"

मी खोकलो. पाटलांना वाटलं, पोरगं म्हणतंय अजून सांगा.

"एका बैठकीला धा भाकरी!"

"धा?" दुसरे साक्षीदार ज्ञानोबा तेली भडकले. "पाटील, बापूला कमी लेखू नका. पंधरा! वर वाटीभर तेल!"

मी आशेनं काकांकडे पाहिलं. पण साहेबासमोर पाटलांना खोटं पाडायचं कसं? आणि खरं सांगायचं तर काकांची छाती थोडी फुगलीही होती! "पूर्वी... जमायचं," ते पुटपुटले.

"साफ खोटं!" मी उठलोच. "काकांना एक पोळीसुद्धा पचत नाही!"

आत डाक्टरांसाठी पुरणपोळ्या चालल्या होत्या. तव्यावरचं उलथणं घेऊन काकू दारात आली.

"पचत न्हाई? माझी पोळी?"

"वाढ एक! होऊन जाऊ दे साहेबांसमोर!" मी आव्हान दिलं.

"पोट माझं हाय बे!" काका कळवळले. पण ताट आलं होतं.

पहिली पोळी काकांनी भीत भीत खाल्ली. काही झालं नाही! पाटील म्हणाले, "बापू, साहेबाम्होरं लाजता व्हय?" दुसरी गेली. इतक्या वर्षांनी जिभेला पुरण लागलेलं. तिसरी तर काकांनी डोळे मिटून, तुपात बुडवून खाल्ली. काकूचा चेहरा फुलला. साक्षीदारांनी मान डोलावली. मी एकटा घामानं निथळत होतो.

डाक्टरांनी दौतीचं झाकण लावलं. "माशाल्ला! पेट तो बहुत अच्छा है."

गेली गाय! मी ओट्यावर चढलो आणि जुलमावर भाषण सुरू केलं. जुलमाच्या मुळापर्यंत पोचतो न पोचतो तोच काका उठले. काठीशिवाय! साहेबांची पेटी ओलांडून, ज्ञानोबांना बाजूला ढकलून ते अंगणात उभ्या असलेल्या साहेबांच्या टांग्यात चढले.

"नदीला! हाण लवकर!"

टांगा गेला. साहेब राहिले. बीडला परतायला दुसरं साधन नव्हतं, आणि माझं भाषण तर नुकतंच रंगात आलं होतं. अर्ध्या तासानं साहेबांनी विचारलं, "टांगा कब आयेगा?" आणखी अर्ध्या तासानं कुणी न मागता त्यांनी दौत उघडली. दिवस कलताना टांगेवाला एकटाच आला आणि म्हणाला, "म्हातारबा अजून मोकळे झाले न्हाईत, साहेब." साहेबांनी टाक बुडवला आणि कागदावर सही ठोकली. पोट पायाच्या खात्यात मंजूर!

काका चार दिवस अंथरुणात होते. पण महिनाभरात दारात तांबडी गाय आली, आणि आता शेजारचे लोक तांब्या घेऊन आमच्याकडे ताकाला येऊ लागले. काका प्रत्येकाला ओतून देताना असे काही बघायचे, जणू मिसरची लढाई त्यांनीच जिंकली.

माझंही नाव झालं असणार! असं मला वाटतच होतं. पाटोद्याहून एक माजी शिपाई आला. त्याचा हात सरकारमान्य, पोट बिनसरकारी. मी टाक घेतला, खाकरलो, 'हे जुलमी सरकारा' जुळवू लागलो.

"लिहायचं काय न्हाई, मालक," तो म्हणाला. "काकू हायत का? साहेब यायच्या दिवशी आमच्याकडं पोळ्या करायला येतील का, तेवढं इचारायला आलतो."

"आणि मी?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी पण या की. टांग्याचं घोडं धरायला माणूस लागंलच."

गेलो. काय करता? पण घोड्याला मी माझं सगळं भाषण ऐकवलं, आणि सांगायला अभिमान वाटतो, ते शेवटपर्यंत जागेवरून हललं नाही. (बांधलेलं होतं.)