टिटवी, पाणकिडा आणि प्रशांतचं स्थळ

आमच्या डिपार्टमेंटमधून साधी फुटकी काच बाहेर काढायची म्हटली तरी सह्या लागतात. किस्से मात्र कुणाच्याही सहीशिवाय जमा होत राहतात!

घाटंजीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं डिपार्टमेंट म्हणजे तीन माणसं. विभागप्रमुख भोयर सर, रिटायरमेंटला आलेले, आवाज मोठा, डोकं गुळगुळीत. प्रशांत गावंडे, आमच्यातला तरुण. घरी कापूस आणि तूर, डोक्यात पक्षी. आणि मी, रोज यवतमाळहून एसटीनं येणारी. पोरांना शिकवणं आणि गावोगाव सिकलसेलची तपासणी करणं, ही आमची कामं. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून पोरांत उतरणारा रक्ताचा आजार, आमच्या भागात बऱ्यापैकी आढळणारा. काम गंभीर, यात वाद नाही. पण दुपारचा चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "तो किस्सा सांगितला का?"

*

भोयर सर आनुवंशिकता शिकवत होते. डोळ्यांचा रंग झाला, रक्तगट झाले. मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला.

"सर, बाबाले टक्कल हाये. मलेही पडन का?"

सर खूश. प्रश्न विचारणारं पोरगं वर्षाकाठी एखादंच भेटतं. म्हणाले, "नुसतं बाबाकडे नको पाहू. आईकडूनही येते. मामाकडे पाह्य!"

पोरगा पडेल आवाजात म्हणाला, "मामाचंही गेलं सर."

सरांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मंग बेटा, तू आता फक्त पुस्तकाकडे पाह्य!"

*

एका गावात शिबिर लावलं होतं. माणसं जमली, पण पुढे कुणी येईना. बोटातून रक्ताचा एक थेंब काढायचा, एवढंच काम. पण सुई पाहिली की मोठमोठे गडी चपला शोधायला लागतात.

शेवटी सरपंच उठले. धिप्पाड माणूस, मिशा अशा की बघत राहावं. "कायले भिऊन राह्यले बे? पाहा माह्याकडे!" बाही वर केली. बोट टोचायचंय, बाही कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी सुईचं पाकीट नुसतं फाडलं आणि सरपंच खुर्चीवरून घरंगळत खाली!

पळापळ झाली. कुणी पाणी शिंपडलं, कुणी टोपीनं वारा घातला. डोळे उघडले, तरी बाजेवर पडूनच होते. तेवढ्यात त्यांच्या मंडळी पुढे आल्या, निवांत बसल्या, स्वतःचं बोट टोचून घेतलं. उठताना बोटावर कापसाचा बोळा धरून मला म्हणाल्या, "मॅडम, यायलेही असाच एक बोळा बांधून द्या बरं."

मी मुकाट्यानं बांधला. सरपंच उठून बसले, बोटाकडे पाहिलं आणि जमलेल्या गावाला म्हणाले, "पाह्यलं? मी म्हनलं नव्हतं, काहीच दुखत नाही!"

पुढच्या तासाभरात रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. सरपंचांचं रक्त मात्र आम्ही नंतर त्यांच्या घरी जाऊन, त्यांना डोळे मिटायला लावून काढलं.

*

उन्हाळ्याच्या तोंडावर कॉलेजच्या मैदानावर टिटवीनं अंडी घातली. घरटं कसलं, चार खडे बाजूला सारले की झालं. प्रशांत दुर्बीण घेऊन रोज ग्राउंडवर. नर किती वेळ बसतो, मादी किती वेळ, कुत्रं आलं की पंख मोडल्याचं सोंग कोण करतं, सगळं टिपत होता. आणि त्याच आठवड्यात स्पोर्ट्स!

क्रीडाशिक्षक चुन्याची पिशवी घेऊन आले. अंडी नेमकी ट्रॅकच्या वळणावर. प्रशांत आडवा झाला. अक्षरशः आडवा, जमिनीवर!

"उठ ना बाप्पा," क्रीडाशिक्षक म्हणाले. "दुसरीकडे ठेवून देऊ अंडी."

"मंग टिटव्या त्यायले ओळखणार नाहीत सर!"

शेवटी भोयर सर मधे पडले आणि ट्रॅकला तिथं थोडं पोट काढून दिलं. टिटवीला मात्र हा तह मान्य नव्हता. दोनशे मीटरच्या शर्यतीत सगळे पुढे निघून गेले, एक पोरगा रेंगाळत सर्वांत मागे. टिटवीनं त्यालाच धरलं. डोक्यावर झेप, पुन्हा झेप, वर 'टिटिव टिटिव'चा कलकलाट! पोरगा असा सुटला की पुढचे सगळे मागे पडले.

गळ्यात मेडल घालताना प्राचार्यांनी त्याला विचारलं, "कोच कोण तुझा?"

*

तळ्यात एक चपटा पाणकिडा असतो. त्याच्यात मादी अंडी घालते ती थेट नराच्या पाठीवर. पिल्लं बाहेर येईपर्यंत बाप ती पाठीवर घेऊन फिरतो. असा एक अंडीवाला नर आमच्या काचेच्या टाकीत होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याला पाहणार कोण, म्हणून भोयर सरांनी टाकी घरी नेली.

वहिनी दिवसभर येता-जाता टाकीत डोकावायच्या. तो वर यायचा, अंड्यांना हवा द्यायचा, खाली जायचा. शेवटी त्यांनी सरांना विचारलं, "हे कायम असंच करते?"

सर रंगात आले. "हो तं! पोटच्या पोरासारखं! एक मिनिट सोडत नाही."

वहिनी म्हणाल्या, "किडा हाये म्हणून जमते. प्रोफेसर असता तं सेमिनारले गेला असता!"

सुट्टी संपायच्या आतच टाकी डिपार्टमेंटला परत आली.

*

आठवडी बाजारात मी वांगी घेत होते. शेजारी एक पोरगं आईच्या पदराला लोंबकळून रडत होतं. बाईनं मला पाहिलं, ओळखलं, आणि पोराला म्हणाली, "चूप होतं का नाही? थे पाह्य, बोट टोचनारी बाई आली!"

पोरगं चूप. माझ्या मागे उभा असलेला त्याचा बापही चूप!

*

आता प्रशांतचा किस्सा.

गावात लोक बिचकतात म्हणून पहिल्याच शिबिरात प्रशांतनं सगळ्यांदेखत स्वतःचं रक्त दिलं होतं. रिपोर्ट आला : तो वाहक, म्हणजे कॅरियर, निघाला. वाहकाला स्वतःला त्रास नसतो. पण बायकोही वाहक असली, तर मुलाला आजार होऊ शकतो. प्रशांतनं ठरवलं, मुलगी पाहायला गेलो की आधी हे सांगायचं.

त्याची आई कपाळाला हात लावायची. "तुले काही होऊन राह्यलं का? मंग कायले सांगतं?"

तो सांगायचाच. आणि स्थळं परत जायची. समजावून सांगेपर्यंत लोक चपला घालून उभे! होता होता त्याची दुर्बीण कपाटातच राहायला लागली.

मग राजूरचं स्थळ आलं. मुलीचे वडील कोळसा खाणीत नोकरीला. मुलगी स्नेहल, शाळेत गणिताची टीचर. प्रशांतच्या आईनं भोयर सरांना गळ घातली, "तुम्ही चाला सर. नाही तं हा पुन्हा रक्ताचंच सांगत बसन."

पोहे आले. प्रशांतनं बशी खाली ठेवली. "काका, एक सांगायचं आहे. मी कॅरियर आहे."

मुलीचे वडील खूश! "करिअर पाहूनच तं तुमाले बोलावलं!"

प्रशांतनं खिशातून पेन काढला, पेपरच्या कोपऱ्यावर चौकोन आखला, त्याचे चार भाग केले. आईकडून हे, बापाकडून हे. मुलीच्या मामांनी चष्मा लावून पाहिलं. "पत्रिका हाये का? मंगळ कोणत्या घरात हाये?"

भोयर सर ठसक्यानं बेजार. स्नेहल दारात उभी होती. ती पुढे आली, पेपर उचलला, नीट वाचला आणि म्हणाली, "मामा, हे रक्ताचं हाये. मी माहं तपासून घेतो. तोवर कोणी हो म्हणू नका, नाही म्हणू नका. पोहे थंडे होऊन राह्यले."

ते दिवस प्रशांतनं कसे काढले, आम्ही पाहत होतो. पोरांना शिकवताना बेडकाचं हृदय कुठे असतं ते विसरला. एका दुपारी भोयर सर शेजारीच बसलेले, आणि तो बेडूक ठेवलेल्या जुन्या बरण्यांमधलं डोळ्यांना झोंबणारं फॉर्मॅलिन बदलत होता, हातात ग्लोव्हज. फोन वाजला. "मॅडम, उचला ना जरा," म्हणाला. मी स्पीकर दाबला.

"स्नेहल बोलतो. रिपोर्ट आला. पण आधी सांगा. खराब आला असता तं?"

प्रशांतचा चेहरा उतरला. ज्या माणसानं गावोगाव हेच समजावलं होतं, त्याला उत्तर माहीत होतं. "नाही म्हटलं असतं," तो म्हणाला. मग हळूच, "पण लय वाईट वाटलं असतं."

"किती?"

प्रशांतनं आमच्याकडे पाहिलं.

"मोजलं नाही अजून."

"मंग आता मोजू नका. मी नॉर्मल हाये."

प्रशांतच्या हातातली बरणी सुटली. काच फुटली, फॉर्मॅलिन पसरलं, सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"काय फुटलं?" फोनमधून घाबरलेला आवाज आला.

भोयर सर डोळे पुसत फोनकडे वाकले आणि आपल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काही नाही पोरी, बेडूक होता! तू तारीख काढ!"