उताऱ्याची घागर

गाव सोडायच्या दिवशी लोक देवळात जातात, नदीला हात जोडतात. मी भांडी गोळा करत दारोदार हिंडलो.

‘मन्ही कढई शे का वं? मन्हा झारा शे का?’

आपल्या तापीकाठच्या गावात कोणाचंही भांडं स्वतःच्या घरी नसतं, हे तुम्ही तिथे राहिलेले जाणताच, आणि सुरतेच्या गिरणीत गेलेलेही विसरले नसतील. कढई कोणाच्या लग्नाला जाते ती तिथेच नांदते. माझी बायको काशी होती तोवर म्हणायची, फिरू द्या, भांड्यालाही चार घरं पाहू द्या. ती गेली आणि मला सगळ्यांच्याच शंका यायला लागल्या, म्हणून तर गाव सोडत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या गोदामायचं दार तेवढं शेवटी ठेवलं होतं, कारण ती बोलणार हे ठाऊक होतं. तिने तांब्याची घागर माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘लई जाय, बापू. येखादं तरी भांडं ऱ्हावू दिधं असतं, ते मागाले येवाचं निमित्त ऱ्हातं.’

मी मनात म्हटलं, बघा, म्हातारीचा डोळा आहे घागरीवर.

पुतण्या बैल धरून उभा होता. ‘काका, आठेच ऱ्हाय ना, मी शे ना.’ पोरगा रडत होता. मला वाटलं, जमिनीसाठी रडतो. जमीन तर मी त्याला कधीच कसायला दिली होती! तरी वाटलं. गुडघे गेले, बायको गेली, अक्कल तेवढी जायची राहिली असं लोक म्हणायचे. तीही गाडीत नव्हती, एवढं मी आज सांगतो. गाडीभर भांडी खणखणत होती आणि गावातली कुत्री वरात समजून मागे लागली होती.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर राखणीचं काम मिळालं. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालतात ते मोठं मोकळं मैदान. काम हलकं. मिरचीचा चोर आपोआप शिंकून सापडतो, मी नुसतं बसायचं. खरं सांगू, चोरापेक्षा जास्त मीच शिंकायचो.

खोली मिळाली खोल्यांच्या एका ओळीत, स्टेशनाच्या अंगाला. जातं, हंडे, पराती, बाज, उखळ आत ठेवलं आणि मी बाहेर राहिलो. मग उखळ बाहेर काढलं आणि मी आत गेलो. झोपताना पायाच्या अंगठ्याला दोरी बांधायचो, तिचं दुसरं टोक हंड्याला. चोराने हंडा ओढला की मी जागा होणार. चोर आला नाही. पहाटे गाडीच्या शिट्टीला दचकून मीच उठायचो, हंडा माझ्या अंगावर यायचा आणि शेजारी म्हणायचे, हा म्हातारा रोज भांडी कोणावर आपटतो?

ओळीत कोणी कोणाकडे काही मागत नव्हतं. विस्तवसुद्धा नाही, ज्याची त्याची काडीपेटी. मला वाटलं, बरं आहे, आपलंही कोणी मागणार नाही.

मग एका हिवाळ्यात ताप आला. चोराच्या भीतीने आतून कडी घातलेली, आणि मी आत पडलेला. बाहेर लोक जायचे, यायचे. कोणी दार वाजवलं नाही. चोर येत नाही हे बरंच होतं, पण ह्या दारात कोणीच येत नाही, हे घशाला कोरड पडली तेव्हा कळलं. इथे मेलो तर वासावरून कळेल, आणि मिरचीच्या ठसक्यात वासही कोणाला यायचा नाही.

तापातून उठलो आणि ठरवलं, पसारा कमी करायचा. म्हाताऱ्याला एक तवा, एक ताट, एक तांब्या पुरे. बाकी वाटून टाकू. हे काही मी साधू झालो म्हणून नव्हे. आई म्हणायची, ‘जठे आपलं भांडं, तठे आपलं येनंजानं.’ मला वाटलं, भांडी लोकांच्या घरात घुसवू, म्हणजे मागून आपल्यालाही घुसता येईल.

पण फुकटचं कोणी घेईना! पहिला म्हणाला, चोरीचं आहे का? दुसरा म्हणाला, मेलेल्या बाईचं आहे का? ते होतंच. मी गप्प बसलो, त्यामुळे ते चोरीचंही ठरलं.

समोर राहायची झुंबरबाई. मारवाडातून आलेल्या किराणावाल्याची विधवा, माझ्याच वयाची, एकटी, दारात एक गाय. तिला घागर द्यायची ठरवली. विचारलं तर नाही म्हणेल, म्हणून गुपचूप तिच्या उंबऱ्यावर ठेवू म्हटलं. लिंबू-मिठाने घासून लखलखीत केली. लिंबाची फोड आतच राहिली. वाकून ठेवताना उपरण्यातून पथारीवरच्या दोन लाल मिरच्या आत पडल्या. मला दिसलंच नाही. भरदुपार होती, शनिवार होता, आणि अवस होती हे मला कोण सांगणार?

जरा वेळाने आरोळी उठली, ‘उतारा! उतारा!’

अख्खी ओळ गोळा झाली. आजार दुसऱ्यावर जावा म्हणून लिंबू-मिरची आजाऱ्यावरून ओवाळून दुसऱ्याच्या दारात टाकतात, तसलंच त्यांना वाटलं. त्यात मी नुकताच तापातून उठलेला.

झुंबरबाई लांब उभी राहून म्हणाली, ‘साची बोल, बाबा. कोनावरथून उतारं हाई?’

‘माय, लिंबू ते घागर घासाले लिधं व्हतं.’

‘आन् मिरची?’

‘उपरणाना गाठमा व्हती, पडनी.’

‘मिरची गाठमा बांधीसन कोन फिरस रे?’ मागून कोणीतरी म्हणालं. त्याचंही बरोबर होतं.

झुंबरबाईने घागरीत पाणी ओतायला लावलं. ‘पी. सगळासना समोर पी.’

प्यालो. लिंबू, मीठ, मिरचीचं बी. डोळे बाहेर आले, शिंका सुरू झाल्या, मी तिथेच नाचायला लागलो. लोक पळाले. ‘अंगात येई ऱ्हायनं!’ झुंबरबाई तेवढी हलली नाही. पदर तोंडाला लावून उभी होती. भीतीने की हसू दाबायला, ह्याचा संशय मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओळीतली सगळी दारं फटीइतकी उघडी. सगळे बघत होते, म्हातारा आहे की गेला. गावातसुद्धा मला इतकं कोणी बघितलं नव्हतं.

‘जित्ता शे!’ झुंबरबाई ओरडली.

घागर तिने ठेवून घेतली, पण घरात नाही. आधी गाईला तीतून पाणी पाजलं आणि गाईवर नजर ठेवली. गाय जगली. तरी घागर आजही बाहेर ओट्यावरच आहे. तिचा हिशोब असा, की उतारा असेल तर ते पाणी प्यालेल्या माझ्यावरच आधी उलटेल. म्हणून रोज उठल्याबरोबर ती समोरून हाक मारते, ‘बाबा, बरा शे ना?’ खोकलो तर ओट्यावर बसवून काढा देते आणि मी तो गिळतो की थुंकतो हे बघते. मीही पहिला घोट घेण्याआधी तिला प्यायला लावतो. विश्वास कशाला ठेवायचा?

हे मी बोलतो आणि टपाल लिहिणारा लिहितो. तो मी सांगतो तेच लिहितो का, देव जाणे. पण आता पुढे सांगतो तेवढं त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलंय. परत कधी येतोस, असं तुम्ही विचारता. गावाची आठवण येते, गोदामायची जास्त. पण दाराला आतून कडी घालायची मी आता सोडली आहे. तुम्हाला तिकडे माझी आठवण येते की नाही, मला माहीत नाही. इथे एका म्हातारीला रोज सकाळी माझी शंका येते. ह्या वयात तेवढ्याला मी घर म्हणतो.