हळदीची बोटं

माझ्या खोल्यांमध्ये भूत आहे, ही अफवा मीच उठवली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. गावात नदीकडच्या उतारावर वडिलांनी घेतलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. कवठे महांकाळकडून आलेली एक बाई तिथे सासूला घेऊन राहायची. नवरा वारलेला. ती हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायला जायची, त्यामुळे तिची बोटं कायम पिवळी असत. भाडं तिने कधी थकवलं नाही. पुराचं पाणी खोलीत शिरलं त्या वर्षी चिखलही तिनेच उपसला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फक्त बघून आलो होतो.

मग एका व्यापाऱ्याला माल ठेवायला दोन्ही खोल्या हव्या झाल्या. भाडं भरपूर देणार होता. बायको म्हणाली, "सरळ सांगा की तिला. घर आपलं आहे." पण मला ते जमेना. तिला परवडेल अशी खोली सांगलीत आता मिळत नाही, हे मला माहीत होतं. तिने "कुठं जाऊ?" असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? मला तिला काढायचंही होतं आणि तिच्या नजरेत चांगलंही राहायचं होतं.

एका संध्याकाळी त्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर मी शेजारच्या रिटायर फौजींना हळूच म्हणालो, "तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका. वडिलांच्या काळात आमच्या त्या खोलीत एका बाळंतिणीनं जीव सोडलाय."

"आवं, म्हणूनच माझी म्हैस तिकडं बघून हंबरती व्हय!" फौजी म्हणाले आणि हसले. पण त्यांनी चहा अर्धाच ठेवला.

असं काही कधीच घडलं नव्हतं. तरी महिनाभरात बाळंतीण गल्लीत वावरू लागली. तिचे केस ओले असतात, हिरवं लुगडं असतं, पाठमोरीच दिसते, असं लोक सांगायचे. यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. सासूची रात्रीची झोप उडाली, मग तिने जेवण टाकलं. शेवटी ती बाईच किल्ली घेऊन आमच्या दारात आली.

"मालक, म्हातारी हाय खाऊन मरायला लागलीया. जातो आमी."

"कुठं जाणार?"

"बघू की."

मी चुकचुकलो आणि किल्ली घेतली.

व्यापाऱ्याच्याही कानावर गोष्ट गेली. त्याने दुसरी जागा बघितली. खोल्या कुलपात पडल्या. आणि तिला कुठेच खोली मिळेना. प्रत्येक घरमालक आधी विचारतो, यापूर्वी कुठे होता? गल्लीचं नाव ऐकलं की दार बंद. असलं काही माणसाच्या मागून येतं म्हणे. सरकारी घरकुलाला स्वतःची जागा लागते, आणि गावची जागा दिराच्या नावावर. हे मला फौजींनी सांगितलं, त्याच टपरीवर.

"दोघी स्टँडावर झोपत्यात म्हणं," ते म्हणाले. "लय वाईट वाटतं बगा."

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. मी म्हणालो, "चहा आज गोड झालाय."

नंतर गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो आला. माझ्या खोल्यांच्या मागे उघडणाऱ्या मोरीच्या दाराच्या चौकटीवर पाच पिवळी बोटं उमटली होती. खाली कुणीतरी 'करणी' असं लिहिलं होतं. कुणी म्हणे, आत भांडं वाजतं. कुणी म्हणे, बाळंतीण खोकते. आणि मी, जिने कधी जन्मच घेतला नव्हता तिला जन्माला घालणारा माणूस, घाबरलो. त्या गल्लीवरून जाताना गाडीचा वेग आपोआप वाढायचा. एकदा आरशात मागे हिरवं काहीतरी हललं. केळीचं पान असेल. मी वळून बघितलं नाही.

अखेर एका रविवारी भर दुपारी गेलो. उन्हाने गल्ली ओस पडली होती. कुलपावर धूळ होती, म्हणजे कुणी उघडलेलं नव्हतं. दार ढकललं. आत मिट्ट काळोख. खिडक्यांना आतून पोती लावलेली. ओल्या कपड्यांचा आणि हळदीचा वास येत होता. मग कोपऱ्यातून श्वास ऐकू आला. एकाचा नव्हे, दोघांचा. मी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवला.

काळोखातूनच कुजबुज आली, "दार लावा मालक. उजेड पडतोय. लोकं बगत्याल."

मोरीच्या दाराची कडी ढिली आहे, हे तिलाच माहीत होतं. तिथून त्या आत आल्या होत्या. ती उजाडायच्या आत गोदामाकडे निघे आणि अंधार पडल्यावर भाकरी घेऊन परते. सासू दिवसभर गोधडीत तोंड खुपसून खोकायची.

"मोठ्यानं बोला, बाहेर कुणी नाही," मी म्हणालो.

"आता येत न्हाई." तीच कुजबुज. "सवय मोडली."

"इथं भीती नाही वाटली?"

"कशाची? सगळ्या सांगलीत हितंच कोण फिरकत न्हाई. तुमच्या बाळंतिणीनंच सांभाळलं की आमाला." मग थांबून तिने विचारलं, "ती खरंच हुती का वो, मालक?"

"राहा तुम्ही, मी कुणाला सांगणार नाही," म्हणालो, आणि त्या क्षणी मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

"असं लपून किती दिस? म्हातारी मेली तर खांदा द्यायला तरी दार उघडाय लागंल."

मी कुलूप लावून घरी आलो. काही दिवस काहीच केलं नाही. मग फौजींचा फोन आला. गल्लीने देवऋषी ठरवला होता. अमावास्येला खोली उघडून बंदोबस्त करायचा, किल्ली घेऊन या.

गेलो तेव्हा दिवस मावळत होता. दारापुढे लिंबं, नारळ, धूप आणि पंधरा-वीस माणसं. पोरींनी आयांचे पदर धरलेले. फौजी म्हणाले, "मालक, म्होरं व्हा. भूत तुमचंच हाय." सगळे हसले.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं. ती शांतता किती जीव आवळून धरलेली आहे, हे तिथे मला एकट्यालाच माहीत होतं. कुलूप उघडलं की या लोकांसमोर त्या दोघी चोर ठरणार होत्या. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो.

"भूत नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हतं. कुणी बाळंतीण इथं मेली नाही. इथं राहणाऱ्या सासू-सुनेला बाहेर काढायचं होतं म्हणून मी खोटं बोललो. आत त्याच दोघी आहेत. दुसरीकडं कुणी घेतलं नाही म्हणून आल्यात."

धुपाचा धूर तेवढा हलत होता. फौजींनी हातातला नारळ खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला ओले केस आणि हिरवं लुगडं परवडलं असतं.

मी वळलो आणि स्वतःच्याच दारावर टकटक केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो, "ताई, माझं चुकलं. खोटं बोलून तुमचं घर काढून घेतलं, आणि गप्प बसून बाकीची दारंही तुम्हाला बंद केली. घर तुमचंच आहे, उजेडात राहा. आजी, तुम्हालाही घाबरवलं मी. मला माफ करा."